आईचा मोर, गावाची कोंबडी

ब्लॉग काढायचा हे ठरायला मला एक दुपार पुरली. त्याला नाव काय द्यायचं हे ठरेपर्यंत पावसाळा सरला आणि भात कापून खळ्यावर आलं.

मी तेव्हा शहापूरच्या बाजारपेठेत एका डीटीपीच्या दुकानात कामाला होते. दुकान म्हणजे एक गाळा, त्यात दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर नमुन्याच्या लग्नपत्रिका. पत्रिका टाइप करणं हे माझं काम. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसायची आणि पावसाळ्यात नुसत्या माशा मारायच्या. अशाच एका पावसाळ्यात मालकांनी दुकानात इंटरनेट घेतलं आणि मला मराठी ब्लॉग सापडले.

ते सापडल्यावर माझं काय झालं ते सांगायला हवं. बायका आपल्या घराबद्दल लिहीत होत्या. आज डाळ कशी करपली, मुलीने भिंतीवर काय काढलं, सासूने लोणच्याची बरणी कुठे लपवली. आणि लोक ते वाचून खाली उत्तरं देत होते. असंही लिहायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेत निबंधाला विषय असायचे ते पर्यावरण, नाहीतर माझा आवडता नेता. करपलेल्या डाळीवर कोणी मार्क दिले नव्हते. त्या दुपारी झेरॉक्सला आलेल्या माणसाला मी एकाच्या जागी पाच प्रती काढून दिल्या, इतकं माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

आठवडाभरात मी तीन तुकडे लिहून काढले. टायपिंगचा हात बसलेला होताच, त्यामुळे डोक्यात आलं की पडद्यावर उतरायचं. लिहून झालं की पुन्हा वाचायचं आणि स्वतःशीच हसायचं. मालक दोनदा विचारून गेले की पत्रिकेत एवढं हसण्यासारखं काय आहे.

मग ब्लॉग उघडायला बसले तर पहिलीच चौकट म्हणाली, नाव द्या. आणि तिथे माझं घोडं अडलं. रोज लोकांच्या मुलामुलींची नावं मी वेलबुट्टीत बसवत होते. चिरंजीव कोण आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कोण हे झोपेतही टाइप केलं असतं. पण स्वतःच्या वेळी डोकं रिकामं.

आधी सगळ्यांना सुचतं तेच मला सुचलं. माझं घर. घेतलेलं होतं. अंगण. तेही गेलेलं. म्हणून उघडून पाहिलं तर ते अंगण अमेरिकेतल्या एका बाईचं निघालं. ती कुठल्याशा उंच इमारतीत राहत होती आणि तिच्याकडे गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी होती. माझ्या आसनगावच्या घरापुढे शेणाने सारवलेलं खरंखुरं अंगण, त्यात शेजाऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या कोंबड्या घाण करून जायच्या, ती मी रोज काढायचे, आणि नाव मात्र तिचं. मला इतका राग आला की मी तिच्या कुंडीला नावं ठेवली. चूल, उंबरठा, ओसरी, तुळस, झोपाळा, सगळं सगळं गेलेलं. सगळ्या मराठी बायका एकाच घरात राहतात की काय, अशी मला शंका यायला लागली.

घरी सांगितलं तर प्रत्येकाला मत होतं. माझा नवरा रोज आसनगावहून गाडी पकडून मुलुंडला कंपनीत जायचा. तो म्हणाला, "'आसनगाव फास्ट' ठेव. टाइमवर येईल की नाही ते नंतर बघू." सासूबाईंनी मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. त्या म्हणाल्या, "नाव आत्या ठेवते. तुज्या त्याला आत्या कोन?" दुकानाच्या मालकांनी नावाऐवजी बॉर्डर सुचवली. वर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब.

मला खरं तर काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. स्वतःचं नाव घालायचं नव्हतं. सासरचं आडनाव घातलं असतं तर सगळं सासर वाचायला बसलं असतं, आणि माहेरचं घातलं असतं तर सासरने कारण विचारलं असतं. पण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे घर कोणाचंतरी आहे. कुंडीतलं नाही, इथलं आहे. असं नाव हवं होतं जे दुसऱ्या कोणाच्या घराला बसणार नाही. शेवटी थकून मी 'पडवी' धरलं. नुसतं पडवी मिळत नव्हतं, पुढे आकडे चिकटवले तर मिळत होतं. उसनं पोलकं घातल्यावर काखेत जसं काचतं तसं त्या नावाने मला काचत राहिलं, पण म्हटलं ठीक आहे. दिवाळीत माहेरी जाऊन येऊ आणि आल्यावर ब्लॉग उघडून टाकू.

माझं माहेर मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला. शहापूरहून किन्हवलीवरून एसटी जाते. गाडीत मी तिन्ही तुकड्यांचे छापलेले कागद पिशवीत तांदळाच्या पापडांखाली नीट ठेवले होते आणि दर थांब्याला हात घालून चाचपत होते. आईला लिहिता-वाचता येत नाही. मी वाचून दाखवणार होते. ती हसेल, कुठे हसेल, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

आई ओट्यावर तूर सोलत बसली होती. मी चहाही न घेता सुरुवात केली. कॉम्प्युटर, इंटरनेट, ब्लॉग, सगळं एका दमात. तिने हातातलं काम न थांबवता ऐकलं.

"म्हंजे तू लिवनार नि कोनीपन वाचनार?"

"हो."

"कोनीपन म्हंजे कोन?"

"कोणीही गं. पुण्याचे, मुंबईचे, परदेशातले."

"नि त्यात आपलं घर."

"हो, आपलंच."

तिने शेंगेतले दाणे सुपात टाकले. "नाय," ती म्हणाली. "घरातलं असं उघड्यावर मांडायचं नाय. वलखीच्या मानसाला सांगताना पन मी दोनदा ईचार करते."

माझा चेहरा पडला. तिच्या 'नाय'पुढे मी कधी गेले नव्हते असं नाही. लग्नाआधी कॉम्प्युटरच्या क्लासला ती नाय म्हणाली होती, तरी मी गेले होते. पण हे वेगळं होतं. मी लिहिलेल्या तिन्ही तुकड्यांत आसनगावचं घर नावापुरतं होतं. पहिल्या ओळीत मी माझ्या गॅसवर काहीतरी ठेवायचे आणि तिसऱ्या ओळीत तिच्या चुलीपाशी जाऊन पोचायचे. तिची भाकरी, तिची बडबड, तिची सुकी मासळी ठेवायची शिंकाळी. तिने हो म्हटलं नाही तर मी लिहिणार कशावर? झेरॉक्स मशीनवर?

त्या संध्याकाळी मी कागद पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत. आईने वांग्याचं भरीत केलं होतं, तेही मला गोड लागलं नाही.

सकाळी उठून मागच्या दारी गेले. उन्हात घासलेली भांडी पालथी घातलेली होती. मोठा टोप, मधला टोप, परात, हंडा. प्रत्येकाच्या बुडाशी, अगदी मधोमध, ठिपक्याठिपक्यांची ती आकृती. वाटोळं अंग, खाली दोन काड्यांसारखे पाय, मागे तीन रेघा, डोक्यावर तीन ठिपके. मी ती शाळेत असल्यापासून बघत आले होते म्हणून बघतच नव्हते. त्या सकाळी बघितली.

ती आकृती तिथे कशी आली ते सांगते. नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट आहे, मी तेव्हा शाळेत होते.

आमच्याकडे कोणाच्या घरी लग्न असलं की भांडी भाड्याने आणत नाहीत. आळीतल्या घराघरांतून मागून आणतात. हळदीच्या आदल्या दिवशी मांडवात टोप-पराती जमतात आणि लग्न उरकलं की बायका राखेने घासून ढीग लावतात. मग आम्ही पोरींनी ज्याची त्याच्या घरी पोचती करायची. भांडं परत यावं म्हणून त्यावर नाव हवं. एका वर्षी आळीतल्या सगळ्या पुरुषांनी मनावर घेतलं. मुरबाडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालून देणारा बसायचा, त्याच्याकडून सगळ्यांनी हौसेने आपापली नावं ठोकून आणली. पूर्ण नाव मावत नाही म्हणून स्वतःचं, वडलांचं आणि आडनावाचं पहिलं अक्षर.

आता आमच्या आळीत सगळ्यांचं आडनाव एक. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे नावंही फिरून फिरून तीच. पुढचं लग्न झालं आणि आम्ही ढिगापाशी उभ्या राहिलो तर टोपावर तीच तीन अक्षरं, परातीवर तीच तीन अक्षरं, हंड्यावर तीच. पुरुष पारावर बसून सांगत होते की आता नावं घातल्येत, काळजी नाही. इकडे बायका एकेक भांडं उचलून उन्हाकडे धरून बघत होत्या.

त्या लग्नात आईची नवी परात गेली. तिच्या जागी पोचा आलेली एक जुनी परात घरी आली, तीन अक्षरांसकट. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने घरातली सगळी भांडी गोणपाटात बांधली, गोणपाट डोक्यावर घेतलं आणि मला सोबत घेऊन मुरबाडला गेली.

नावं घालणारा म्हणाला, "बोला मावशी, काय नाव घालू?"

आई म्हणाली, "नाव हाय त्याच्यावर. तोच तं वांदा झालाय. ह्यो काढ." आणि तिने बाही सारून हात पुढे केला.

आईच्या हातावर कोपराच्या खाली गोंदलेला मोर आहे. ती लहान असताना गोंदलेला. हात मोठा झाला तसा मोर पसरला आणि त्याचा पिसारा कातडीत विरत गेला. तो माणूस घाईत होता, बाजार भरलेला, रांगेत चार गिऱ्हाइकं. त्याने हाताकडे एकदा पाहिलं आणि छिन्नी ठोकायला लागला. ठक ठक ठक, प्रत्येक भांड्यावर एक. आई उभी राहून बघत होती. शेवटी तिने एका टोपावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मोर बेस झाला."

पुढच्या लग्नात मांडवात पहिला टोप उचलला तो शेजारच्या काकीने. काकीचं आणि आईचं दार समोरासमोर, आणि दोघींचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. काकीने टोप उलटा करून बघितला आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "ही कोंबडी कोनाची गो?"

मांडव हसला. आई म्हणाली, "मोर हाय तो." कोणी ऐकलं नाही. पण आईचं भांडं त्यानंतर कधी हरवलं नाही. ते बघून वर्षभरात बाकीच्या बायकाही गोणपाटं घेऊन मुरबाडला जाऊन आल्या. एकीने मासा काढून आणला, एकीने फणी, काकीने कोयती. मग ढीग लावणं सोपं झालं. मासा इकडे, कोयती तिकडे, कोंबडी वरच्या घरी. हळूहळू आमच्या घराला कोंबडीवाल्यांचं घर म्हणायला लागले. लग्नाचं बोलावणं करायला येणारासुद्धा दारात विचारायचा, कोंबडीवाले घरात हायेत का. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, आई म्हणायची, मोर हाय तो. माझ्या लग्नात दिलेल्या भांड्यांवरही तिने तीच खूण घालून घेतली. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं की तुमच्याकडे पोल्ट्री आहे का.

तर त्या सकाळी मी मागच्या दारी उभी होते आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पडवी गेली उडत. हेच ते. दुसऱ्या कोणाच्या घराला बसणार नाही असं. मी मोठा टोप उचलून तसाच ओला घरात घेऊन गेले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"आये, हा टोप कोणाकोणाकडे जातो?"

"सगळ्यांकडं जातो."

"आणि त्यातलं कोण जेवतं?"

"कोनपन जेवतं. वऱ्हाड असतं. वलखीचं काय नि बिनवलखीचं काय."

"तेव्हा नाय म्हणतेस का?"

आईने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. मी कुठे निघाले आहे ते तिला कळलं होतं. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मग म्हणाली, "टोप जातो. मापटं जातं का?"

मापटं म्हणजे धान्य मोजायचं माप. ते आमच्याकडे कोणालाच देत नाहीत. सख्ख्या बहिणीने मागितलं तरी तिने धान्य आणून इथेच मोजून न्यायचं.

"मापटं नाही जात," मी म्हणाले.

"मंग." तिने भाकरी उलटली. "काय लिवलंयस ते वाच."

मी धावत जाऊन पिशवीतून कागद आणले. घाईत पापडांचा चुरा झाला, त्याचं कोणाला पडलं होतं. चुलीसमोर बसून मी वाचायला लागले. पहिल्या तुकड्याला ती हसली, मी ठरवलं होतं तिथे नाही, भलत्याच ठिकाणी. सुक्या बोंबलांच्या तुकड्याला तिने मला दोनदा थांबवून दुरुस्ती सांगितली. तिसरा तुकडा अर्धा झाला आणि ती म्हणाली, "ह्यो नको."

"का?"

"ते मापटं हाय."

तो तुकडा कशाबद्दल होता ते मी इथेही सांगणार नाही. मी कागदाची घडी घातली आणि चुलीत सारली. वाईट वाटलं नाही. उलट अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटलं, कारण उरलेल्या दोन तुकड्यांना तिने नको म्हटलं नव्हतं. म्हणजे ते टोप होते. म्हणजे ते जाणार होते. मला नाचावंसं वाटत होतं. बसल्याबसल्या मी तव्यावरची भाकरी उलटायला गेले आणि बोट भाजून घेतलं.

बोट पाण्यात घालून मी म्हणाले, "आणि नाव काय देणार माहीत आहे? तुझी खूण. टोपावरचीच. आईचा मोर."

तिला ते आवडलं. मला दिसलं. तिने पिठाचा हात झटकला आणि बाही सारून कोपराखाली बघितलं. मोर आता आणखीच विरला होता. नुसता हिरवट डाग आणि त्यातून एक मान वर आलेली.

"कोंबडी दे," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"नाव कोंबडीचं दे. मोर लिवलास तं आपल्यातलं कोन वलखंल? आता पोरं कल्याणला जातात, तुज्यासारखी त्या मशिनीवर बसतात. उद्या एकानी बघितलं तं बोलला पायजे, हे कोंबडीवाल्यांचं. भांडं दुसऱ्यानी वलखायचं असतं गो. मी तं काळोखातपन हात फिरवून सांगते."

"पण तो मोर आहे."

"हाय ना," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. "म्हनून काय झालं?"

इतकी वर्षं, इतक्या मांडवांत, ही बाई एकदाही हरली नव्हती. काकीसमोर नाही, पाहुण्यांसमोर नाही, चेष्टा करणाऱ्या दिरांसमोर नाही. आणि आता माझं लिहिलेलं कुठे हरवू नये म्हणून तिने तो मोर आपल्या हाताने कोंबड्यांत सोडून दिला. आमच्याकडे आईला असलं काही बोलायची पद्धत नाही. मी पाठोपाठ चार भाकऱ्या खाल्ल्या आणि ती 'सासरी जेवाय घालत नाय का' म्हणाली.

निघायच्या आधी टोप पुसून कोरडा केला, बुडावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. ठिपके कागदावर उमटले. काकी तिच्या दारातून बघत होती. "कोंबडी नेतेस काय सासरी?" म्हणाली. मी हो म्हणाले.

शहापूरला पोचल्या पोचल्या तो कागद दुकानातल्या स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर आकृती केवढीतरी मोठी झाली. नावाच्या चौकटीत मी टाइप केलं, कोंबडीछाप. मिळालं. पुढे आकडे नाहीत, शेपूट नाही, नुसतं कोंबडीछाप. अख्ख्या जगात ते कोणीही घेतलेलं नव्हतं. नावाच्या वर ती आकृती बसवली. मला इतका आनंद झाला की मी मालकांना हाक मारून दाखवलं. ते चष्मा वर करून वाचत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "गणपती खरंच नको का?" घरी सासूबाई म्हणाल्या की अखेर पोल्ट्री काढलीच. नवऱ्याने गाडीतल्या ग्रुपला सांगितलं आणि त्यांच्यातल्या कोणीतरी दुसऱ्याच दिवशी खाली लिहिलं की चिकनची रेसिपी कधी टाकणार.

मी दर थोड्या वेळाने उघडून बघायचे. पत्रिकेत वधूचं नाव टाइप केलं की बघायचं, वराचं टाइप केलं की बघायचं. एकाने लिहिलं, पिल्लांचा भाव काय, गावठी मिळतील का. त्याला मी सभ्यपणे कळवलं की नाही मिळणार. त्याने पुन्हा विचारलं, मग अंडी तरी. भाकरीबद्दल, बोंबलांबद्दल कोणी अक्षर लिहिलं नाही. पण माझा उत्साह काही कमी होत नव्हता. मी चौथा तुकडा टाकला, पाचवा टाकला. प्रत्येक वेळी टाकायच्या आधी स्वतःला विचारायचे, हा टोप का मापटं. दोन-तीन मापटी मी माझ्यापाशीच ठेवली.

आणि मग एका सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, तर खाली एका अनोळखी बाईचं लिहिणं. ती कुठल्यातरी बर्फाच्या देशात राहत होती. भाकरीवरचा तुकडा वाचून तिला तिच्या आजोळची चूल आठवली होती, असं बरंच काही. आणि शेवटी एक ओळ. नाव कोंबडीछाप का ठेवलंत कळलं नाही, वर तर मोर आहे ना? तुरा आणि पिसारा किती छान काढलाय.

मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा वाचलं. मग भावाच्या मोबाइलवर फोन लावला आणि म्हटलं, आईला दे, आत्ताच्या आत्ता दे. आई घाबरूनच फोनवर आली. "काय गो, काय झालं?"

मी वाचून दाखवलं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"तुरा दिसला तिला?"

"दिसला."

"पिसारापन?"

"पिसारा पण. छान काढलाय म्हणते."

"कोन हाय ती बाई?"

"माहीत नाही गं. लांबची आहे."

"शानी हाय," आई म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मी विचारलं, नाव बदलू का, अजून बदलता येईल. "नको," ती म्हणाली. "कोंबडीच ऱ्हाऊंदे. जिला दिसायचा तिला दिसला."

एवढं बोलून तिने फोन खाली ठेवला, पण बंद केला नाही. तिला तो बंद करता येत नव्हता. मला तिची पावलं ऐकू आली, मग दाराची कडी, मग ओट्यावरून समोरच्या दाराकडे मारलेली हाक.

"अगो ए, भाईर ये जरा."

काकी काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही.

"मोर हाय तो," आई म्हणाली. "मोर हाय."

मी फोन कानाला लावून तशीच बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. समोर लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन एक मुलीचा बाप उभा होता. तो म्हणाला, "ताई, नावं नीट घाला हां, काय चूक नको." मी म्हटलं, काका, काळजी करू नका, आणि त्याच्या हातातला कागद घेतला.